भूमि-अभिलेखांचे संगणकीकरण, महाराष्ट्रातील

जमिनीचे क्षेत्र, तिची आकारणी, तिचे धारक, तिच्यावरील बोजे व तीत घेतली जाणारी पिके यांविषयी शासनाने ठेवलेल्या नोंदी हस्तलिखित वह्यांतून संगणकात उतरविणे, त्यांतील पुढील फेरबदल संगणकातच नोंदविणे व त्यांच्या प्रमाणित प्रती त्याच मार्गाने नागरिकांस देणे, या क्रियेस भूमि-अभिलेखांचे संगणकीकरण म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील शासकीय संस्थांनी संगणकाचा जो अवलंब केला, त्यात आगगाडीचे आरक्षण किंवा बँकांचे हिशेब यांच्या मानाने हे कार्य पुष्कळच सावकाश झाले. महाराष्ट्रात त्याचा प्रारंभ १९८८–८९ मध्ये झाला आणि संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा सर्वसामान्य खातेदारास घरबसल्या मिळू लागण्यास २०१८ साल उजाडले. या तीस वर्षांच्या विलंबाचे कारण यंत्रांच्या उणिवेत शोधण्याची प्रथा आहे; पण ती अंशतःच खरी आहे. यंत्रे फार आधी उपलब्ध झाली होती. तयार नव्हत्या त्या नोंदी.

जमिनीची नोंद गावपातळीवर ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मराठेशाहीत गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे व परगण्याचे देशपांड्याकडे असे. हे लेखन मोडी लिपीत होई आणि दप्तर हे वतनदाराच्या घरी, बहुधा बासनात बांधून ठेवलेले असे. पेशवाई संपुष्टात आल्यावर ब्रिटिशांनी या दप्तरांवरून वसूल ठरविण्याचा प्रयत्न केला. तथापि प्रत्यक्ष मोजणीवाचून निभाव लागणार नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. पुणे भागात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८३० च्या सुमारास अमलात आणलेली आकारणी जबर सारा व मोजणी-कामगारांची लबाडी यांमुळे फसली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३५ पासून जी पद्धती आखली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धती म्हणून स्थिरावली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबरास ठरावीक क्षेत्र, जमिनीच्या प्रतीनुसार आण्यांत प्रतवारी व तीस वर्षांसाठी कायम सारा, ही तिची मुख्य अंगे होत. तेहेतीस फुटांच्या साखळीने होणाऱ्या मोजणीतून एक गुंठा (१,०८९ चौ. फुट) हे माप रूढ झाले, चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो.

ही मोजणी सारावसुलीसाठी होती, मालकी ठरविण्यासाठी नव्हती. सरकारला सारा कोण भरतो एवढ्याशीच कर्तव्य होते. जमीन खरोखर कोणाची, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा मानला गेला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेतही हीच दृष्टी दिसते. कुळे, गहाणदार, पोटहिस्सेदार इ. सर्वांच्या हक्कांची नोंद करण्याची तरतूद १९०३ च्या अधिकार-अभिलेख अधिनियमाने झाली व १९१३ च्या दुरुस्तीने ती महसूल संहितेतच समाविष्ट करण्यात आली. या नोंदी ठेवण्याचे गावनमुने क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. गावनमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सात म्हणजे अधिकार-अभिलेख पत्रक, आठ-अ म्हणजे खातेदारांची खातेवही आणि बारा म्हणजे पिकांची नोंदवही. यांपैकी सात व बारा हे दोन नमुने एकाच पानावर लिहिण्याच्या प्रघातामुळे ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. तो मराठीत इतका मुरला, की कर्जमाफीच्या मागणीला ‘सातबारा कोरा करा’ हे रूप प्राप्त झाले. हिशेबाच्या एखाद्या सरकारी नमुन्याचा क्रमांक लोकभाषेत असा उतरल्याची उदाहरणे विरळाच.

स्वातंत्र्योत्तर काळात या दप्तरावर एकामागून एक कायद्यांचा भार पडला. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमाने अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. १९४८ च्या कूळकायद्याने आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’ने कुळे मालक झाली. परगणा व कुलकर्णी वतने १९५१ पासून नष्ट होऊन कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला. राज्यपुनर्रचनेनंतर हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतील मराठवाडा व मध्य प्रदेशाच्या परंपरेतील विदर्भ हे आपापली निराळी नमुनापद्धती घेऊन एका राज्यात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ (अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून) व तदनुसार केलेले १९७१ चे अधिकार-अभिलेखविषयक नियम यांनी हे नमुने एकरूप केले. परंतु नियम एक झाला म्हणून जुनी पाने एक झाली नाहीत.

अभिलेखाचे स्वरूप : संगणकीकरणात पुढे उद्‌भवलेल्या अडचणी समजण्यासाठी हस्तलिखित सातबारा कसा लिहिला जाई, हे पाहणे आवश्यक आहे. त्याचे पान दर दहा वर्षांनी नव्याने लिहिले जाई. एखाद्याचा हक्क संपला, की त्याचे नाव खोडले जात नसे. त्याभोवती कंस करीत आणि ज्या फेरफाराने तो संपला त्याचा क्रमांक वर्तुळात लिहीत. कंसाचा अर्थ वाचणारा जाणत असे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर बहुधा कर्त्या पुरुषाचेच नाव लागे व त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) अशी अक्षरे घालीत. वारस अज्ञान असेल, तर ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) अशी. बापाच्या मृत्यूनंतर भावांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावे ‘इतर अधिकार’ या सदरात लिहिण्याचीही चाल होती. सहकारी सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, नवीन शर्तीची अट, कुळाचे नाव, हे सारे याच सदरात दाटीवाटीने येई. अशा रीतीने तीन-चार अक्षरांच्या एका संक्षेपावर किंवा पेन्सिलीच्या एका कंसावर एखाद्या कुटुंबाचा वाटा अवलंबून राहात असे.

दशवार्षिक पुनर्लेखनात चुका होत, हे सर्वांना ठाऊक होते. मूळ पानावरील ‘ए. कु. मॅ.’ नव्या पानावर उतरविण्याचे राहून गेले, तर कागदोपत्री एक भाऊ एकटा मालक होई. क्षेत्रांच्या बाबतीतही असेच घडे. दशमान पद्धती आल्यावर एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करण्यात आले. ३ एकर १७ गुंठ्यांचे क्षेत्र हिशेबाने १ हेक्टर ३८·६ आर होते. ते पूर्णांकात १ हेक्टर ३९ आर असे लिहिले आणि पुढे तीन भावांत वाटताना प्रत्येकी ४६ आर धरले, तर बेरीज १ हेक्टर ३८ आर भरते. एक आर म्हणजे सुमारे एक गुंठा. हातवहीत हा फरक पन्नास वर्षे सुखाने नांदू शके. कारण वहीचे पान स्वतःची बेरीज तपासत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार-अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच त्याचे बळ. महसुली नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. नोंदणी कार्यालयात १९०८ च्या अधिनियमाखाली होणारी नोंदणीही दस्ताची असते, हक्काची नसते. विक्रेत्यास विकण्याचा अधिकार होता की नाही, हे दुय्यम निबंधक पाहत नाही. व्यवहारात मात्र सातबाऱ्याचे महत्त्व याहून कितीतरी अधिक आहे. पीककर्ज, पीकविमा व अतिवृष्टीचे अनुदान त्यावर मिळते. एवढेच नव्हे, तर कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन विकत घेण्यास खरेदीदार मुळात शेतकरी असावा लागतो आणि तो शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. नाव पानावरून गळाले, की माणूस कायद्याच्या लेखी शेतकरीच राहत नाही.

वर्ध्याचा प्रयोग : १९८५ साली झालेल्या राज्यांच्या महसूलमंत्र्यांच्या परिषदेत भूमि-अभिलेख संगणकावर घेण्याची शिफारस झाली. तीनुसार १९८८–८९ मध्ये केंद्र सरकारने शंभर टक्के अर्थसाहाय्याची योजना आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी, आसामातील सोनितपूर, बिहारमधील सिंगभूम, गुजरातेतील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मुरैना, ओरिसातील मयूरभंज व राजस्थानातील डुंगरपूर यांच्यासमवेत महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली. तांत्रिक बाजू १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे होती.

या काळात देवनागरी अक्षरे संगणकावर आणणे हेच एक कार्य होते. आय. आय. टी. कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांविषयीचे संशोधन १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले व त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतनाचे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले खरे. तथापि पुष्कळ कार्यालयांत निरनिराळ्या टंकांच्या खाजगी संकेतनांतच मजकूर भरला गेला. परिणामी एका यंत्रावरील मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे आणि एका तालुक्याची माहिती दुसऱ्या तालुक्याच्या माहितीशी जोडता येत नसे. युनिकोड सार्वत्रिक झाल्यावर ही अडचण दूर झाली. परंतु आधी भरलेला मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरांची मोडतोड होऊन नावे बिघडल्याची उदाहरणे पुढेही आढळत राहिली.

योजनेचा मूळ दोष याहून खोल होता. संगणकात माहिती भरणे हे एकदाच करावयाचे काम आहे, असे गृहीत धरण्यात आले. तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी टंकलेखकांनी पाने भरली; गावात मात्र तलाठी पूर्ववत हातवहीतच नोंदी करीत राहिला. वारसाची नवी नोंद वहीत होई व संगणकात सवड मिळेल तेव्हा. काही महिन्यांतच संगणकातील पान शिळे होई. दोन दप्तरे शेजारी-शेजारी नांदू लागली आणि त्यांपैकी खरे कोणते, या प्रश्नाचे उत्तर अर्थातच तलाठ्याची वही हे होते.

कर्नाटकाचा मार्ग आणि वाधवा अहवाल : कर्नाटकाने ‘भूमी’ या प्रकल्पात हा पेच एका कठोर निर्णयाने सोडविला. सुमारे ६७ लक्ष शेतकऱ्यांचे सु. दोन कोटी अभिलेख संगणकात भरून झाल्यावर २००१–०२ च्या सुमारास राज्यातील १७७ तालुक्यांत हस्तलिखित उतारे अवैध ठरविण्यात आले. उतारा तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत मिळू लागला. फेरफारांचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढण्याचे बंधन यंत्राने घातले व कर्मचाऱ्यास बोटाचा ठसा उमटविल्यावाचून संगणकास हात लावता येईना. या प्रकल्पाचा देशभर गौरव झाला. त्याच्यावर टीकाही झाली. ग्रामलेखकाचे प्रस्थ कमी झाले, तरी विखुरलेली माहिती एकत्र आल्याचा लाभ बंगलोरच्या आसपास जमिनी गोळा करणाऱ्या मोठ्या खरेदीदारांना अधिक झाला, असे काही अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात.

वर्ध्याचा प्रयोग चालू असतानाच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी नियोजन आयोगाने नेमलेल्या एकसदस्य समितीचा अहवाल १९८९ मध्ये सादर केला. गृहीतकावर आधारलेल्या नोंदींऐवजी शासनाने जमिनीच्या हक्काची हमी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी त्यांच्यापुढे आदर्श होता तो रॉबर्ट टॉरेन्स याने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये प्रचारात आणलेल्या पद्धतीचा. तीत शासकीय नोंदवही हीच मालकी होय, तिच्यामागील जुने कागद धुंडाळण्याचे कारण उरत नाही आणि नोंदवहीतील चुकीने कोणाचे नुकसान झाल्यास शासन ते भरून देते. वाधवांनी दाखविले, की भारतात दस्त नोंदणी विभागाकडे, हक्काची नोंद महसूल विभागाकडे व नकाशा भूमापन विभागाकडे आहे आणि हे तिघे एकमेकांस पुरेसे विचारत नाहीत.

अशा रीतीने १९८८–८९ या एकाच वर्षाच्या आगेमागे दोन वाटा समोर होत्या : असलेल्या नोंदी आहेत तशा यंत्रात घालणे, किंवा आधी नोंदींचे स्वरूप बदलणे. पहिली वाट सोपी होती, तीस यंत्रे विकत घेण्याच्या तरतुदीने सुरुवात करता येत होती. दुसरीसाठी प्रत्येक तुकडा पुन्हा मोजणे, प्रत्येक वाद ऐकणे व शासनाने स्वतःवर भरपाईचे दायित्व घेणे आवश्यक होते. शासनाने पहिली स्वीकारली. २१ ऑगस्ट २००८ रोजी मान्य झालेल्या राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात (पुढे ‘डिजिटल इंडिया भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’) निर्णायक हक्काचे ध्येय लेखी नमूद झाले खरे. परंतु खर्च व श्रम मुख्यतः माहिती भरणे, नकाशे संगणकात घेणे व कार्यालये जोडणे यांवरच झाले. आंध्र प्रदेशाने निर्णायक हक्काचा कायदा २०२३ मध्ये अमलात आणला, तेव्हा जमिनी हिरावल्या जातील या भीतीने तो निवडणुकीतील वादाचा विषय बनला आणि २०२४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात असा कायदा अमलात आलेला नाही.

ई-फेरफार व हस्तलिखिताशी मेळ : महाराष्ट्रात पुण्याच्या जमाबंदी आयुक्त व संचालक भूमि-अभिलेख यांच्या देखरेखीखाली २०१० नंतरच्या दशकात ‘ई-फेरफार’ ही प्रणाली राबविण्यात आली. तिचे वेगळेपण असे, की तीत फेरफार हाच आरंभबिंदू मानण्यात आला. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले, की त्याची वर्दी संगणकातूनच तलाठ्याकडे जाते. फेरफाराचा क्रमांक यंत्र देते. हितसंबंधितांस नोटीस काढली जाते, हरकतींसाठी मुदत ठेवली जाते व मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबारा आपोआप बदलतो. क्रमांक मागेपुढे करणे, दोन ओळींच्या मधल्या जागेत नोंद घुसविणे किंवा मागील तारीख टाकणे या जुन्या युक्त्यांना येथे वाव उरला नाही.

परंतु प्रणाली चालू होण्यापूर्वी संगणकातील सातबारा हस्तलिखिताशी जुळला पाहिजे, ही अट होती. राज्यात सुमारे ४४ हजार गावे, ३५८ तालुके व सु. अडीच कोटी सातबारे. संगणकीकरणाच्या इतिहासातील खरे कष्टाचे पर्व हेच होय, जरी त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला. हस्तलिखित पान व संगणकाचे पान शेजारी ठेवून ओळीगणिक ताळा करावयाचा, फरक टिपावयाचा व दुरुस्तीसाठी मुद्दाम तयार केलेल्या सुविधेतून तो दूर करावयाचा. यासाठी ‘एडिट’ व त्यानंतर ‘री-एडिट’ अशा दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पहिल्या फेरीनंतरही चुका उरल्या होत्या, हे दुसऱ्या फेरीच्या नावावरूनच उघड होते. यंत्र आता बेरीज तपासत होते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज पानाच्या एकूण क्षेत्राइतकी नसेल आणि हे क्षेत्र भूमापन विभागाच्या आकारबंदाशी जुळत नसेल, तर ते पान सदोष म्हणून यादीत येई. वर दिलेल्या उदाहरणातील हरवलेला एक आर अशा रीतीने पन्नास वर्षांनी उघडकीस आला. पण तो तीन भावांपैकी कोणास द्यावयाचा, हे यंत्र सांगू शकत नव्हते.

सामाईक जमिनींचा प्रश्न असाच होता. चार भावांचे वाटप झालेलेच नाही, जमीन अविभक्त आहे. परंतु प्रणालीत प्रत्येक नावासमोर क्षेत्राचे घर. ते रिकामे ठेवले तर बेरीज जमत नाही, समान भरले तर न झालेले वाटप झाल्यासारखे दिसते. पुढे सामाईक खात्यांची निराळी सोय करण्यात आली. तोवर अनेक ठिकाणी तलाठ्यांनी आपल्या समजुतीने आकडे घातले होते. बहिणींच्या नोंदींची बाब याहून नाजूक. ‘इतर अधिकार’ सदरातील मजकूर लांबलचक असल्याने माहिती भरणाऱ्याकडून तो संक्षिप्त होण्याचा किंवा गळण्याचा संभव अधिक होता. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातील १९९४ च्या व देशातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क कायद्यात बळकट झाला, परंतु ज्या सदरात त्यांची नावे प्रत्यक्षात होती तेच सदर प्रतिलेखनात सर्वांत दुबळे होते.

२०१७ मध्ये गावोगाव ‘चावडी वाचन’ करण्यात आले. संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून त्यांवर आक्षेप मागविण्यात आले. अत्याधुनिक यंत्रणेच्या खरेपणाची कसोटी अखेर चावडीवरील तोंडी वाचनाने घ्यावी लागली, यात वरवर पाहता विसंगती वाटते. वस्तुतः ज्ञात असलेली सर्वांत विश्वसनीय पद्धती तीच होती. शेजाऱ्याची बांधाबांधाने माहिती असणारे लोक जिवंत होते, तोवर हे वाचन झाले, हे एका अर्थी सुदैव होय. अर्थात गाव सोडून मुंबई-पुण्यास गेलेले हिस्सेदार व सासरी गेलेल्या मुली अशा वाचनास हजर असण्याची शक्यता कमीच होती.

यानंतर उरलेल्या चुकांसाठी संहितेच्या कलम १५५ चा आधार घेतला जातो. हे कलम लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे आहे. नावातील वेलांटी, क्षेत्रातील दशांशचिन्ह किंवा टंकनात गळालेला फेरफार त्याने सुधारता येतो. हक्काचा वाद त्याने मिटविता येत नाही. मात्र लेखनप्रमाद कोठे संपतो व हक्क कोठे सुरू होतो, ही रेषा नेहमीच स्पष्ट नसते. ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे गळाली असतील, तर तो लेखनप्रमाद की भावाचा हक्क? या कलमाचा वापर मर्यादेबाहेर झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्याच्या नावाची चूक यंत्रात झाली, त्याला ती दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज, जुने उतारे व तहसील कार्यालयाच्या खेपा कराव्या लागतात. म्हणजे चूक शासनाच्या प्रतिलेखनाची व सिद्धतेचा भार खातेदारावर, अशी स्थिती निर्माण झाली. टॉरेन्स पद्धतीतील भरपाईची तरतूद येथे नसल्याचा प्रत्यक्ष परिणाम तो हाच.

उतारा व तलाठी : २०१८ मध्ये संगणकीय स्वाक्षरी असलेला सातबारा संकेतस्थळावरून देण्यास सुरुवात झाली. शुल्क पंधरा रुपये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा स्वाक्षरीस हस्ताक्षराच्या बरोबरीचे स्थान दिलेले असल्याने हा उतारा शिक्क्यावाचून ग्राह्य ठरतो. त्यापूर्वी उताऱ्यासाठी तलाठी गावात केव्हा येतो याची वाट पाहण्यात शेतकऱ्याचे दिवस जात. एका तलाठ्याच्या सजात अनेक गावे असत. कागद हाती ठेवताना ‘चहापाण्याची’ अपेक्षा होई, हेही सर्वश्रुत आहे. उताऱ्यापुरता हा अडसर निश्चितपणे दूर झाला. २०२० मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलण्यात आले. गावाचा सांकेतिक क्रमांक, प्रलंबित फेरफारांचा उल्लेख, दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ, जुन्या फेरफारांच्या क्रमांकांसाठी स्वतंत्र चौकट व बिनशेती जमिनींसाठी वेगळे एकक, असे फरक त्यात आहेत. प्रलंबित फेरफाराचा उल्लेख ही दिसण्यात किरकोळ, परंतु खरेदीदाराच्या दृष्टीने मोलाची सुधारणा होय.

तलाठ्याचे काम मात्र कमी झाले नाही. जोडणी मंद असेल, तर सर्व्हरवर ताण कमी असणाऱ्या रात्रीच्या वेळी नोंदी घालाव्या लागत. दप्तर आता त्याच्या ताब्यात नव्हते, जबाबदारी मात्र होती. स्वाक्षरी त्याची असे. कुलकर्ण्याच्या बासनातील दप्तर वतन गेल्यावर तलाठ्याच्या पेटीत आले, तेथून ते राज्याच्या माहिती-केंद्रात गेले. पहिल्या स्थलांतरात माणूस बदलला, दुसऱ्यात माणूस तोच राहून त्याचा अधिकार बदलला.

गावनमुना बारातील पिकांची नोंदही १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ने शेतकऱ्याकडे सोपविण्यात आली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विकसित झालेल्या या प्रणालीत शेतकरी आपल्या भ्रमणध्वनीवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र व नोंद पाठवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. घरबसल्या पीक लिहिण्याच्या जुन्या सवयीस यामुळे आळा बसला. ज्यांच्याकडे असा भ्रमणध्वनी नाही किंवा ज्यांच्या शिवारात जोडणी मिळत नाही, त्यांच्यासाठी साहाय्यकांची व्यवस्था करावी लागली; पीकविमा व अनुदान या नोंदीवर अवलंबून असल्याने राहून गेलेली नोंद थेट पैशांत मोजली जाते.

नकाशे : नोंदींच्या मानाने नकाशांचे काम मागे आहे. मूळ मोजणीची टिपणे, फाळणीपुस्तके व गावनकाशे दीड शतक हाताळले गेल्याने जीर्ण झाले आहेत. कापड व कागद आक्रसल्याने त्यांवरील अंतरेही बदलली आहेत. जुन्या मोडी कागदांचे वाचन करणारे कमी उरले आहेत. या कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या संकेतस्थळावर ठेवण्यात आल्या, त्यामुळे मूळ कागदांची झीज थांबली. नकाशे अंकीय रूपात आणून प्रत्यक्ष जमिनीवरील बिंदूंशी त्यांची सांगड घालण्याचे काम हे त्याहून कठीण आहे. कारण सातबाऱ्यावर पोटहिस्से कितीही पडले, तरी त्यांतील पुष्कळांची मोजणी कधी झालेलीच नाही. कागदावर चार हिस्से व नकाशावर एकच आकृती, अशी असंख्य पाने आहेत. २०२१ पासून देशातील प्रत्येक भूखंडास चौदा अक्षरांकांची एकमेव ओळख देण्याचे योजिले आहे. परंतु ओळख भूखंडाच्या सीमेवर आधारलेली असल्याने न मोजलेल्या हिश्शास ती देता येत नाही.

ब्रिटिशकालीन मोजणीतून गावठाणे वगळण्यात आली होती. तेथे सारा नसल्याने मोजण्याचे प्रयोजन नव्हते. त्यामुळे राहते घर ज्या जागेवर आहे तिचा शासकीय नकाशा बहुतेक गावांत नव्हता व त्या घरावर कर्जही सहजी मिळत नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार करण्यात येतात. येथे प्रतिलेखनाचा प्रश्न नाही, कारण उतरवून घेण्याजोगे जुने पानच नाही. नकाशा व नोंद एकाच वेळी, शेजारी समोर उभे असताना होतात.